ख्रिस्तपुराणांतील आनंद : सासष्टीच्या एका मागणीची हकीकत

फादर टॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाविषयीं मराठींत आजवर जें लिहिलें गेलें तें बहुतांशीं भाषेविषयीं आहे. पहिल्या पुराणाच्या आरंभीं आलेली मराठी भाषेची स्तुति शालेय वेच्यांतून घरोघर पोंचली. अनेकांचा या ग्रंथाशीं परिचय तेथें सुरू होतो आणि तेथेंच संपतो. त्याच पहिल्या अध्यायांत एक लहानसा संवाद आहे. त्याकडे संशोधकांचें लक्ष गेलें नाहीं असें नाहीं; परंतु ग्रंथरचनेचें निमित्त एवढ्याच नात्यानें त्याचा उल्लेख होतो व तो मागें पडतो. आमच्या मतें ग्रंथाचा प्राण त्या संवादांत आहे.

प्रसंग असा. सासष्टींत मुलांस ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरावली, म्हणजे तिकडे जिला ‘दोत्रिन’ म्हणतात ती, शिकविणें चाललें होतें. तेव्हां एक ब्राह्मण पुढें येऊन पाद्रीगुरूंस विनयानें विचारतो. दोत्रिन चांगली आहे, ख्रिस्ती माणसानें जें जाणावें तें तींत आहे. पण आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं वर्ज्य केलीं, तर त्यांच्या जागीं दुसरें पुराण आम्हांस कां करून देत नाहीं? या विचारण्याचें उत्तर म्हणून पुढें सुमारें अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ उभा राहतो. पहिल्या पुराणांत जुन्या कराराची कथा, दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र. पहिल्याचे ३६ व दुसऱ्याचे ५९ अध्याय. अध्यायास ग्रंथकारानें ‘अवस्वरू’ असा शब्द योजिला आहे.

हा ब्राह्मण सिद्धान्त मागत नाहीं, सिद्धान्त त्याला मिळालेला आहे. तो मागतो तें मनाला रमविणारें, संध्याकाळीं चार माणसांत बसून ऐकण्यासारखें कांहीं तरी. ख्रिस्ती उपदेशांत आनंदी अंतःकरण व शुद्ध चिंतन यांवर फार भर आहे. परंतु तो उपदेश सासष्टींतल्या एका घरांत खरा कसा व्हावयाचा, हा प्रश्न त्या ब्राह्मणानें आपल्या परीनें विचारिला. त्याचें उत्तर स्टीफन्स यांनीं कसें दिलें, आणि तें उत्तर किती टिकलें, एवढाच या टिपणाचा विषय आहे.

मागणीचें वजन समजण्यास आधीं हरपलें काय तें पाहिलें पाहिजे. सासष्टी प्रांत १५४३ पासून पोर्तुगीजांकडे कायमचा गेला. १५६७ सालीं तेथील देवळें पाडण्यांत आलीं. जेझुइटांच्याच लेखांवरून त्यांची संख्या अडीचशेंहून अधिक होते. कुशस्थळीचा मंगेश त्या दशकांत प्रियोळास व केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, हें सर्वांस ठाऊक आहे. मूर्ति नेतां आल्या, परंतु मागें राहिलेल्या माणसांच्या कानावर वर्षानुवर्षें पडत आलेलें पुराणश्रवण नेतां आलें नाहीं. याच केळशीच्या कृष्णदास शामानें शके १४४८ मध्यें, म्हणजे इ. स. १५२६ त, श्रीकृष्णचरित्रकथा मराठी ओवींत रचावयास घेतली होती. अशा प्रकारच्या कथा त्या भागांत किती रुजलेल्या होत्या याची साक्ष पोर्तुगालांतील ब्रागा येथील ग्रंथालयांत आहे. तेथें कृष्णकथा, रामायण, महाभारत यांच्या मराठी व कोंकणी वाङ्मयाचे रोमन अक्षरांत उतरलेले जाडजूड बाड सांपडले. पाद्र्यांनीं ते भाषा शिकण्यासाठीं व खंडन करण्यासाठीं उतरविले. ज्या हातांनीं पुराण बंद केलें त्याच हातांनीं तें जतन झालें, असे योग इतिहासांत येतात. त्यावर फार रागावूं नये व फार हुरळूनही जाऊं नये. आज कृष्णदास शामाची ती कथा पाहावयाची तर या बाडांचें साह्य घ्यावें लागतें, एवढें मात्र संग्राहकांनीं ध्यानांत ठेवावें.

तेव्हां हा प्रांत सुखाचा नव्हता. १५८३ सालीं कुंकळ्ळीस पांच जेझुइट मारले गेले. पुढें कुंकळ्ळीच्या गांवकऱ्यांस असोळणें येथील किल्ल्यांत बोलावून दग्यानें ठार केलें. स्टीफन्स त्या वेळीं याच प्रांतांत होते, आणि मारलेल्या सोबत्यांचीं प्रेतें आणण्याच्या कामीं त्यांचा हात होता असें सांगतात. ख्रिस्तपुराण छापून निघालें तें १६१६ सालीं; म्हणजे या घटनेनंतर तेहतीस वर्षांनीं. मागणी करणारा ब्राह्मण व ती पुरविणारा पाद्री या दोघांच्याही आठवणींत ती होती, हें गृहीत धरूनच संवाद वाचावा. आनंद या शब्दाला या ग्रंथांत जें वजन आहे तें त्यामुळें.

स्टीफन्स यांची पूर्वकथाही येथें थोडी सांगितली पाहिजे, कारण ती मराठी वाचकांस फारशी परिचित नाहीं. ते इंग्लंडांतील विल्टशर परगण्याचे. जन्म १५४९ च्या सुमाराचा. राणी एलिझाबेथच्या राज्यांत कॅथलिक पंथाच्या लोकांवर कडक बंधनें होतीं. टॉमस पाउंड नांवाच्या एका श्रीमंत कॅथलिक गृहस्थाबरोबर, बाहेरून त्याचा नोकर असें दाखवून, स्टीफन्स त्या दिवसांत हिंडत होते. दोघांचाही बेत रोमला जाऊन जेझुइट संघांत शिरण्याचा होता. पाउंड निघण्यापूर्वींच पकडला गेला. स्टीफन्स एकटे रोमला पोंचले व १५७५ सालीं संघांत दाखल झाले. पाउंडची सुमारें तीस वर्षें निरनिराळ्या तुरुंगांत गेलीं. रोमहून स्टीफन्स यांनीं आपल्या मित्राच्या धैर्याची हकीकत लिहून वरिष्ठांपुढें ठेविली, आणि त्यावरून पाउंडला तुरुंगांत असतांच संघाचा सभासद करून घेण्यांत आलें. बंदिवासांत बसलेल्या मनुष्याचें चित्त प्रसन्न कसें राहतें हा प्रश्न स्टीफन्स यांच्या दृष्टीनें पुस्तकी नव्हता.

४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून निघून त्याच वर्षीं २४ ऑक्टोबरला ते गोव्यास उतरले. पुढें १६१९ त मृत्यु येईपर्यंत चाळीस वर्षें ते येथेंच होते. येतांच वडिलांस त्यांनीं प्रवासवर्णनाचें पत्र धाडिलें. तें हॅक्लूटच्या संग्रहांत छापलेलें आहे. १५८३-८४ च्या सुमारास राल्फ फिच वगैरे इंग्रज व्यापारी गोव्यांत अडकले तेव्हां त्यांना जामिनावर सोडविण्यास यांनींच मदत केली. १५८३ त भावास लिहिलेल्या पत्रांत इकडील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्यासारखी आहे असें निरीक्षण आहे. विल्यम जोन्सच्या पूर्वीं दोनशें वर्षें केलेलें हें विधान संस्कृतज्ञांच्या दृष्टीनें लहान नव्हे; पुढें त्याचा उपयोग होणार आहे.

येथें एक गोष्ट टोंचल्यावांचून राहत नाहीं. स्वदेशांत ज्याच्या पंथाच्या पूजेस व पुस्तकांस बंदी, तो मनुष्य परदेशांत पुस्तकांस बंदी करणाऱ्या पक्षांत बसला होता. या विसंगतीचा उल्लेख तो स्वतः कोठें करीत नाहीं, आणि त्या काळच्या कोणत्याही पक्षाच्या माणसाकडून तशी अपेक्षा करणें फुकट आहे. पण ब्राह्मणाचें विचारणें त्यानें ग्रंथाच्या अगदीं तोंडाशीं, कांहीं न झांकतां, लिहून ठेविलें. पुराणें बंद केलीं हा आरोप कर्त्याच्याच पुस्तकांत राहिला आहे. तेवढ्यापुरतें श्रेय त्याला दिलें पाहिजे.

आतां आनंदाच्या उपदेशाकडे येऊं. ख्रिस्ती शास्त्रांत त्याचें मुख्य स्थान पौलाचें फिलिप्पैकरांस पत्र हें होय. चार अध्यायांचें, १०४ वाक्यांचें हें लहानसें पत्र आहे. त्यांत आनंदवाचक ग्रीक नाम ‘खारा’ आणि त्याचें क्रियापद ‘खैरेइन्’ उपसर्गासह मोजलें तर एकंदर सोळा वेळां येतें. आणि पत्र लिहिलें आहे कैदेंतून. ती कैद रोममधली असें परंपरा मानते. कांहीं पंडित इफिस किंवा कैसरिया हें स्थळ सुचवितात. स्थळ कोणतेंही असो, सुटका होईल कीं देहांत होईल हें लिहिणाऱ्यास ठाऊक नव्हतें, एवढें पत्रावरूनच स्पष्ट दिसतें. त्याचा एपफ्रदीत नांवाचा सोबती नुकताच मरतां मरतां वांचला होता. तो गेला असता तर आपल्यावर दुःखावर दुःख कोसळलें असतें असें पौल मोकळ्या मनानें लिहितो. शेवटच्या अध्यायांत युवदीया व सुंतुखे या दोन बायांचें एकमेकींशीं बिनसलेलें मिटवावें अशी विनवणी आहे, आणि लगेच दोन वाक्यांच्या आंत आनंद करा ही आज्ञा दोनदां येते. म्हणजे हा आनंद दुःख नाकारून आलेला नाहीं; भांडण, आजारपण व बेडी हीं तिन्ही त्याच पानांवर आहेत.

येथें एक शब्दनिष्ठ गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. जन्मभर संस्कृत शिकविणाऱ्यास तेवढी मोकळीक वाचकांनीं द्यावी. ‘खैरेइन्’ या ग्रीक क्रियापदाचा सजातीय शब्द आपल्याकडे ‘हृष्’ धातूंत शोधण्याचा मोह होतो, पण तो तेथें नाहीं. ‘हृष्’ चा मूळ अर्थ ताठ उभें राहणें, रोमांच येणें हा. खरा नातेवाईक वेदांतील ‘हर्यति’ हा; आवडीनें स्वीकारणें, प्रसन्न होणें, इच्छिणें असा त्याचा अर्थ. दोन्ही शब्द एकाच मूळ धातूपासून निघाले असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. स्टीफन्स यांनीं १५८३ त भावाला जें कळविलें त्याचें हें एक सुंदर उदाहरण, मात्र त्यांना तें ठाऊक असण्याचा संभव नव्हता. अर्थाच्या दृष्टीनें भेद उपयोगी आहे. ‘हर्ष’ हा अलंकारशास्त्रांत व्यभिचारी भाव, आला तसा जाणारा. अंगावर कांटा उभा करून ओसरणारा. पौलाचा आनंद त्या जातीचा नाहीं. तो आज्ञार्थीं सांगतां येतो, आणि जें आज्ञार्थीं सांगतां येतें तें मनाचें वळण असतें. गीतेच्या सतराव्या अध्यायांत ‘मनःप्रसाद’ हा मानसिक तपांत मोजलेला आहे. प्रसन्नतेला तप म्हणणारा आमचा शास्त्रकार व आनंदाची आज्ञा करणारा पौल हे या एका बाबतींत एकमेकांस ओळखतील. दोघांच्या देवकल्पना निराळ्या आहेत हें सांगावयास नकोच. पौल आनंद करा म्हणतो तो ‘प्रभूच्या ठायीं’, आणि हा आधार काढून घेतला तर ख्रिस्ती मनुष्याच्या दृष्टीनें त्या आज्ञेंत कांहीं उरत नाहीं.

त्याच पत्राच्या शेवटीं चिंतनाची एक यादी आहे. जें सत्य, जें आदरणीय, जें न्याय्य, जें शुद्ध, जें प्रीतिपात्र, जें लौकिकाचें, जो सद्गुण, जी स्तुति, त्यांचें मनन करावें असा तिचा आशय. अमुक विचार करूं नका असें तेथें म्हटलेलें नाहीं. मनाला कशाकडे लावावें तें सांगितलें आहे. पतञ्जलीनें वितर्कांच्या बाधेवर ‘प्रतिपक्षभावन’ सांगितलें त्याच्याशीं हें ताडून पाहावें. मन रिकामें ठेवून शुद्ध होत नाहीं. अनिष्ट विचाराच्या जागीं दुसरा बसवावा लागतो. सासष्टीच्या ब्राह्मणाचें बोलणें नेमकें हेंच होतें. तुम्हीं आमच्या मनांतून कथा काढिल्या, जागा रिकामी झाली, तींत काय ठेवूं? गोव्याच्या प्रांतिक सभांचे ठराव त्याला कळले होते. त्याला ठरावानंतरच्या संध्याकाळचें उत्तर पाहिजे होतें.

स्टीफन्स यांस हें पटलें याचें कारण त्यांच्या शिक्षणांतही आहे. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याचीं ‘आध्यात्मिक अनुष्ठानें’ हें पुस्तक १५४८ सालीं पोपच्या मान्यतेनें छापलें गेलें. संघांत शिरणाऱ्या प्रत्येकास तीं अनुष्ठानें करावीं लागत. त्यांत चित्ताच्या दोन अवस्था वर्णिल्या आहेत : एक समाधानाची, जींत श्रद्धा, आशा, प्रेम वाढतें व अंतरांत आनंद होतो, दुसरी खिन्नतेची, जींत मन कोरडें व जड होतें. खिन्नतेच्या काळीं पूर्वीं केलेला निश्चय बदलूं नये असा तेथें नियम आहे. समाधानाच्या काळीं पुढें येणाऱ्या खिन्नतेची तयारी करून ठेवावी असाही नियम आहे. आणि तयारी करावयाची ती कशी? तर ख्रिस्ताच्या चरित्रांतील एकेक प्रसंग डोळ्यांपुढें उभा करून. बेथलेहेमची वाट केवढी, गुहा उंच कीं ठेंगणी, हें साधकानें कल्पनेनें पाहावें असें इग्नेशियस सांगतो. हेंच काम घरांत बसलेल्या संसारी माणसाकडून करवून घ्यावयाचें तर त्याला महिनाभराच्या एकांताची सोय कोठून मिळणार? त्याला कथा पाहिजे, ती लांब पाहिजे, आणि ती त्याच्या कानाला ओळखीच्या चालींत पाहिजे. दुसऱ्या पुराणाचा पसारा पहिल्यापेक्षां मोठा कां, याचा उलगडा आमच्या समजुतीप्रमाणें येथें होतो. ख्रिस्तचरित्राचें श्रवण हेंच समाधान जपण्याचें साधन ठरविलें होतें.

साधनाची निवड किती विचारपूर्वक होती तें ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेवरून कळतें. ईश्वरविषयक वर्णनास ही भाषा योग्य म्हणून मराठी घेतली. परंतु शुद्ध मराठी इकडील सामान्य जनांस समजत नाहीं म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द वगळून ब्राह्मणांच्या बोलीचे सोपे शब्द मिसळले, असें ग्रंथकार सांगतो. जुन्या कवींचे शब्द वगळावयाचे तर आधीं ते वाचलेले असले पाहिजेत. एकनाथांचा काल १५९९ पर्यंतचा. त्यांच्या भागवताची ओवी व ख्रिस्तपुराणाची ओवी यांचें घराणें एक आहे, हें कोणत्याही दहा ओव्या मोठ्यानें म्हणून पाहिल्यास पटेल. मोठ्यानें म्हणाव्या हें मुद्दाम लिहितों. डोळ्यांनीं वाचणाऱ्यास रोमन लिपींतील मजकूर खडबडीत दिसतो. त्यांत ट-ड या मूर्धन्यांसाठीं अक्षरांची द्विरुक्ति आहे, श-ष यांसाठीं भलतेंच पोर्तुगीज अक्षर आहे. तोंडानें म्हणूं लागलें कीं सर्व अडथळे गळून जातात. रोमन लिपी स्टीफन्स यांची आवड नव्हती. १६०८ त त्यांनीं संघाच्या प्रमुखास लिहून देशी अक्षरांचे ठसे मागितले होते. ते मिळाले नाहींत, म्हणून ग्रंथ रोमन अक्षरांत छापावा लागला.

स्वर्गास त्यांनीं वैकुंठ म्हटलें. ही गोष्ट नेहमीं चातुर्य म्हणून किंवा कपट म्हणून, ज्याच्या त्याच्या कलाप्रमाणें, सांगितली जाते. दोन्ही मतें आम्हांस अपुरीं वाटतात. मरणानंतरच्या अखंड आनंदाला ऐकणाऱ्याच्या मनांत जो शब्द आधींच होता, ज्या शब्दाबरोबर आजीचा आवाज ऐकूं येत होता, तो सोडून परका शब्द दिला असता तर स्वर्ग कळला असता, परंतु त्याची ओढ लागली नसती. याच्या उलट वाट पंडिता रमाबाईंनीं धरली. हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलाचें भाषांतर त्यांनीं आयुष्याच्या शेवटपर्यंत, १९२२ पर्यंत, केलें. संस्कृतांत एवढा अधिकार असतां त्यांनीं बायाबापड्यांस समजेल अशी साधी मराठी हट्टानें घेतली. केडगांवच्या मुक्तिसदनांतील अनाथ बायांस पुराणभाषेची गोडी मुळांतच चाखावयास मिळाली नव्हती. सासष्टीच्या ब्राह्मणाची ती काढून घेतलेली होती. देण्याची रीत घेणाऱ्यावर ठरते.

आतां हें उत्तर टिकलें किती? १६१६ नंतर १६४९ व १६५४ सालीं ग्रंथ पुन्हां छापला गेला. अडतीस वर्षांत तीन आवृत्त्या, आणि त्याही अकरा हजार ओव्यांच्या. त्या काळच्या मानानें ही मागणी मोठीच होय. या तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. १६८४ च्या जूनमध्यें व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यानें हुकूम काढिला कीं तीन वर्षांच्या आंत लोकांनीं देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. संभाजी महाराजांची सासष्टी-बारदेशावरील स्वारी होऊन तेव्हां जेमतेम सहा महिने झाले होते. हा हुकूम त्या भयाच्या छायेंत निघाला हें विसरतां येत नाहीं. हुकमानें भाषा मेली नाहीं, परंतु तिच्यांतील छपाई थांबली. पुढें १७५४ त मुद्रणासच बंदी झाली. अशा रीतीनें ज्यांनीं पुराण बंद केलें त्यांनीं त्याबदलीं दिलेलें पुराणही शेवटीं बंदीच्या वाटेस लागलें. ब्राह्मणाचें विचारणें दुसऱ्यांदा खरें ठरलें, आणि या वेळीं उत्तर देण्यास पाद्रीगुरु नव्हते.

मग उत्तर लोकांनींच दिलें. त्यांनीं ग्रंथ हातानें उतरून घेतला. गोव्याहून निरनिराळ्या कारणांनीं दक्षिणेस कानडा प्रांतांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं या वह्या बरोबर नेल्या व जपल्या. १७८४ च्या फेब्रुवारींत, राखेच्या बुधवारीं, टिपू सुलतानानें मंगळूरकडील ख्रिस्ती लोकांस धरून श्रीरंगपट्टणास नेलें. किती नेले याचे आंकडे साधनांत फार भिन्न आहेत, पण ते हजारोंनीं होते यांत वाद नाहीं. पाद्र्यांस आधींच हांकलून देण्यांत आलें होतें. ४ मे १७९९ रोजीं श्रीरंगपट्टण पडेपर्यंत, पंधरा वर्षें, हे लोक बंदींत होते. प्रार्थना सांगणारा कोणी नाहीं, मिसा नाहीं, दोत्रिन शिकविणारा नाहीं; अशा स्थितींत पुराणाच्या ओव्यांनीं त्यांची श्रद्धा व उमेद राखली अशी त्या समाजाची परंपरा आहे. परंपरेला कागदाचें मोल देऊं नये हें खरें. परंतु हिला बाजूचा एक आधार आहे. जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें ख्रिस्तपुराण संपादून छापलें तें हातच्या प्रतींवरून. छापील प्रत जेथें एकही उरली नाहीं तेथें हाताच्या प्रती कानडा प्रांतांतील घरांतून निघतात, आणि मधल्या काळांत त्या घरांवर पंधरा वर्षांचा बंदिवास येऊन गेलेला असतो. अकरा हजार ओव्या कोणी कर्तव्य म्हणून उतरीत नाहीं. तीं पानें म्हटलीं जात होतीं म्हणूनच लिहिलीं गेलीं.

पौलाचें पत्र तुरुंगांतून लिहिलें गेलें, पाउंडची हकीकत तुरुंगांतल्या माणसाची होती, आणि स्टीफन्स यांचा ग्रंथ सर्वांत अधिक कामीं आला तो बंदींतील माणसांच्या, त्यांच्या मृत्यूनंतर पावणेदोनशें वर्षांनीं. हा योगायोग आहे असें म्हणणाऱ्याशीं आम्ही वाद घालणार नाहीं.

देवनागरी प्रतीविषयीं दोन शब्द. सुमात्रा बेटाचा इतिहासकार विल्यम मार्सडन यानें आपला संग्रह १८३५ त लंडनच्या किंग्ज कॉलेजास दिला. तो पुढें तेथील प्राच्यविद्येच्या शाळेकडे आला. त्यांत ख्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत आहे हें जस्टिन अ‍ॅबट यांनीं विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत प्रसिद्ध केलें. महिपतीच्या संतचरित्रांचे इंग्रजी भाषांतरकार म्हणून अ‍ॅबट यांचें नांव आपणांस परिचित आहे. रोमन प्रतींत जेथें लॅटिन वा पोर्तुगीज शब्द येतात तेथें या प्रतींत पुष्कळदां संस्कृत शब्द आहेत. हीच मूळ रचना असा अ‍ॅबट यांचा निष्कर्ष होता. तो निर्णायक मानावा असें आम्हांस वाटत नाहीं, कारण कोणी संस्कृताभिमानी लेखकानें मागाहून शब्द शुद्ध केले असणेंही तितकेंच शक्य आहे. शांताराम बंडेलू यांनीं १९५६ सालीं पुण्यास देवनागरींत आवृत्ति काढली. मार्सडन प्रतीवरून फादर नेल्सन फाल्काव यांनीं गद्य मराठीसह २००९ त आवृत्ति सिद्ध केली. पाठचिकित्सेचें साहित्य आतां पुरेसें आहे.

साहित्याचा एक प्रकार मात्र अजून कोणी हातीं घेतलेला नाहीं, आणि तो आपल्यासारख्या संग्राहकांच्याच हातचा आहे. पोथी कोठें झिजली यावरून ती कोठें वाचली गेली तें कळतें. पुराणिकाच्या भागवतांत दशमस्कंधाचीं पानें कशीं मऊ पडलेलीं असतात हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. ख्रिस्तपुराणाच्या रोमन लिपींतील वहीचें एखादें बाड, पूर्ण वा तुटक, कोंकणांत, गोव्यांत, कारवाराकडे किंवा मंगळुरी घराण्यांत कोणाच्या दृष्टीस पडल्यास केवळ आरंभ, शेवट व ओव्यांची संख्या नोंदून थांबूं नये. कोणत्या अवस्वरूच्या पानांचे कोपरे अंगठ्यानें काळे झाले आहेत, मेणबत्तीचे थेंब कोठें पडले आहेत, मागाहून निराळ्या हातानें कोठें विराम दाखविले आहेत, जन्माचीं पानें अधिक झिजलीं कीं क्रूसावरचीं, हें लिहून ठेवावें. आणि हें सर्व वही नव्यानें बांधावयास देण्यापूर्वीं करावें, कारण बांधणारा पहिल्या प्रथम कडाच छाटतो.